उजव्या बाजूची बॅग

मोटारसायकलला दोन बाजू असतात आणि त्या एकसारख्या नसतात, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात चौदा वर्षं विज्ञान शिकवत होतो. (उष्णतेचं वहन हा माझा विशेष आवडता धडा. घडल्या प्रकारानंतरही तो माझ्याकडून काढून घेतला नाही, हा मुख्याध्यापकांचा मोठेपणा.)

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एकाचा भाऊ कायमचा आखातात गेला आणि जाताना त्याची मोटारसायकल मला देऊन गेला. ती आपल्याकडे नेहमी दिसायची तशी नव्हती. खडकाळ रस्त्यांसाठी, ओढ्यानाल्यांतून जाण्यासाठी म्हणून बनवलेली, घोड्यासारखी उंच, आणि सायलेन्सर खाली जमिनीलगत न ठेवता सीटच्या जवळ वर उचललेला, म्हणजे ओढ्याचं पाणी आत जाऊ नये. मी ती घरी आणली तेव्हा शेजारचे बापट बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले.

"ही बसून चालवायची की उभ्यानं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग चढायला काय स्टूल नेता बरोबर?"

मी दुर्लक्ष केलं. माझ्या डोक्यात तेव्हा वेगळीच चक्रं फिरत होती. वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मी एका परदेशी जोडप्याचा फोटो पाहिला होता. अशीच उंच गाडी, मागे वाळवंट, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन मऊ, काळ्या, फुगीर बॅगा. लेखात लिहिलं होतं की लोखंडी पेट्यांपेक्षा मऊ बॅगा चांगल्या, वजनाला हलक्या आणि गाडी पडली तर पाय चेंगरत नाही. त्या फोटोतलं जोडपं वाळवंटात असूनही एकमेकांकडे बघून हसत होतं. बॅगांमुळेच हसत असावं, असं मी धरून चाललो.

मी बायकोला फोटोचं वर्णन करून सांगितलं. सुमन तांदूळ निवडत होती.

"मऊ बॅगा म्हणजे गाठोडीच ना?" ती म्हणाली.

"गाठोडी नव्हेत. शास्त्रीय पद्धतीनं बांधलेलं सामान."

"मग शास्त्रीय गाठोडी."

बॅगांना निमित्तही लगेच मिळालं. सुमनचा धाकटा भाऊ मंगेश याचा साखरपुडा ठरला. माहेर केळशीचं, मुलगीही केळशीचीच, चार आळ्या पलीकडची. मुलीला द्यायची साडी मोठ्या बहिणीनं रत्नागिरीहून आणायची असं ठरलं. सुमननं तीन रविवार दुकानं पालथी घालून साडी घेतली. डाळिंबी रेशीम, अंगभर बारीक जरीचे बुट्टे. तिचा ब्लाउजपीस कापून पुढे केळशीला शिवायला पाठवूनही दिला. एरवी आम्ही यष्टीनं गेलो असतो. मी जाहीर केलं की या वेळी मोटारसायकलनं जायचं, आणि सामान बॅगांतून न्यायचं.

आता बॅगा शिवणार कोण? बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर यासीनभाईंचं दुकान होतं. रिक्षांचे हूड शिवावेत तर त्यांनीच, असं सगळे रिक्षावाले सांगत. मी रात्री जागून काढलेला नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेलो. लांबी, रुंदी, खोली, पट्ट्यांच्या जागा, सगळं मिलिमीटरमध्ये. यासीनभाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि बाजूला ठेवला.

"गाडी कुठाय, मास्तर?"

"घरी. माप आणलंय ना मी."

"गाडी आणा. अंगावर माप घेतल्याबिगर मी रिक्षाचा हूडपण शिवत नाय."

गाडी नेणं अवघड नव्हतं. पण मी शिक्षक माणूस. मी काढलेल्या आकृतीवर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय? मी त्यांना समजावलं की आकृती डाव्या बाजूची आहे, उजवी तशीच काढायची, फक्त आरशातल्यासारखी उलटी. आता डावीच का मोजली, तर आमच्या बोळात गाडी उजवी बाजू भिंतीला टेकवून उभी असायची आणि तिकडे हात जात नव्हता. हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

"दोन्ही बाजू सारख्याच असतात, यासीनभाई."

"माणसाच्यापण नसतात, मास्तर," ते म्हणाले, पण त्यांनी सुईत दोरा ओवला.

कापडाचा प्रश्न राहिला. त्यांनी जाड कॅनव्हासचा तुकडा पुढे टाकला. होड्यांवरच्या ताडपत्रीला वापरतात तसला, मळकट हिरवा. "हे घ्या. ऊन, पाणी, धग, कशाला दाद देणार नाय." त्याच्या बाजूला काळं चकचकीत रेक्झीन होतं. मला फोटो आठवला. कॅनव्हासच्या बॅगा लावल्या तर मी मासळी घेऊन निघालोय असं दिसलं असतं.

"काळं," मी म्हणालो.

"ते नाजूक आहे."

"दिसायला चांगलं आहे."

"ते आहेच," यासीनभाई म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. अनुभवी माणसं एका मर्यादेनंतर वाद घालत नाहीत. मला मात्र त्या वेळी वाटलं की त्यांना पटलं.

बॅगा निघायच्या आदल्या दिवशी मिळाल्या, आणि खरं सांगतो, सुरेख झाल्या होत्या. सीटवरून आडवे जाणारे दोन रुंद पट्टे आणि दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन काळ्या बॅगा. मी त्या रिकाम्याच गाडीवर टाकल्या आणि भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. बॅगा वाऱ्यावर छान तरंगत होत्या. चाचणी यशस्वी, असं मी घरी येऊन सांगितलं.

सुमननं गाडीला एक फेरी मारली. "मी कुठे बसू?"

मी नकाशात सगळं धरलं होतं. फक्त बायको धरायची राहिली होती. ती नेहमी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि नेमकं तिथे डावी बॅग लोंबत होती. बरीच चर्चा झाली. शेवटी तिनं बापटांच्या कॉलेजातल्या मुलीचा पंजाबी ड्रेस मागून आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसायचं कबूल केलं. तरी गुडघ्यांना जागा पुरेना. म्हणून मी पट्टे सैल केले आणि दोन्ही बॅगा चार बोटं मागे आणि चार बोटं खाली सरकवल्या. डावी बॅग मस्त बसली. उजवी कुठे बसली ते भिंतीमुळे दिसलं नाही.

सकाळी सामान भरताना सुमननं साडीचा खोका वेगळा काढला. "हा मी मांडीवर घेते."

"मांडीवर? धूळ, वारा, ऊन. एवढ्या बॅगा शिवल्यात कशाला मग?"

"माझ्या हातात असला की माझा जीव शांत राहील."

"सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे उजवी बॅग," मी म्हणालो. (हे वाक्य आमच्या घरात अजूनही बोललं जातं, आणि ते मी बोलत नाही.) तिनं खोका माझ्या हातात दिला. मी तो सीटवरून वाकून बॅगेत अगदी तळाशी, हलणार नाही असा बसवला.

फाल्गुनातली सकाळ होती. हवेत गारवा होता. हातखंब्याला चहासाठी थांबलो तेव्हा मी सहज उजव्या बॅगेवर हात ठेवला. ती गरम लागली.

"ऊन चढलं," मी म्हणालो.

"पावणेआठ वाजलेत," सुमन म्हणाली.

हायवेला लागलो आणि लोक आमच्याकडे बघू लागले. आधी एका ट्रकवाल्यानं दिवे दाखवले. मी मान हलवून त्याला दाद दिली. मग शाळेत निघालेल्या मुलींचा एक घोळका हात हलवायला लागला. मीही हलवला. पुढे एक म्हातारे गृहस्थ छत्री उंचावून काहीतरी ओरडले. बॅगांच्या एका जोडीनं एवढा फरक पडतो, हे मला मासिकानं सांगितलं नव्हतं.

"अहो, लोक काहीतरी सांगतायत," सुमन मागून म्हणाली.

"बॅगा बघतायत. असल्या कधी पाहिल्या नसतील."

थोडं अंतर गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "जळकट वास येतोय."

"भाजावळ चालू आहे शेतांत. याच दिवसांत राब भाजतात." मी तिला मातीतल्या किडींचा नाश आणि राखेतली खनिजं याबद्दलही थोडं सांगितलं. वाऱ्यामुळे तिला नीट ऐकू गेलं नाही, असं मला वाटलं. गेलं होतं.

संगमेश्वर मागे टाकलं आणि एक यष्टी आमच्या बरोबरीला आली. कंडक्टर दारात उभा होता. त्यानं अगदी शांतपणे, तिकीट विचारावं तसं सांगितलं, "ओ पाहुणे, तुमची गाडी पेटलीय."

मी थांबलो. उतरून उजव्या बाजूला आलो. त्या गाडीची उजवी बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. सीटच्या खाली, बरोब्बर बॅगेच्या जागेवर, तो वर उचललेला सायलेन्सर होता. भरलेली बॅग त्याच्यावर मांडी ठोकून बसली होती. रेक्झीन वितळून त्याच्या नळीवर काकवीसारखं पसरलं होतं, आणि मधल्या भगदाडातून धूर येत होता. ज्वाळा नव्हती, हे नमूद करतो. कंडक्टरनं थोडी अतिशयोक्ती केली होती.

पाण्याची बाटली डाव्या बॅगेत होती. डाव्या बॅगेचे बंद मी कोळ्यांच्या गाठीनं बांधले होते. ती गाठ मला बांधता येते, सोडता येत नाही. सुमनच्या खांद्याला कोकम सरबताचा थर्मास होता. मी तो ओढून घेतला आणि झाकण काढून सगळं सरबत सायलेन्सरवर ओतलं. मोठी वाफ उठली आणि त्या वाफेत मी दिसेनासा झालो. वाफ विरली तेव्हा सुमन रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. मी थर्मासशी झटत होतो तेवढ्यात तिनं वरचं झाकण उघडून खोका बाहेर काढला होता. खोक्याचा एक कोपरा नव्हताच.

तिनं साडी काढली आणि एकेक घडी उलगडली. पहिल्या घडीला रुपयाएवढं भोक. दुसऱ्या घडीला रुपयाएवढं भोक. घड्या उलगडत गेल्या आणि भोकं, काठापासून सारख्या उंचीवर, वीत-वीतभर अंतरानं, ओळीनं येत राहिली. अकरा होती. शेवटची दोन जरा लहान.

"चिपळूणला दुसरी घेऊ," मी म्हणालो.

"ब्लाउज शिवून झालाय. हा रंग कुठे मिळणार? साखरपुडा उद्या सकाळी आहे."

तिनं साडीची घडी केली, पदरात घ्यावी तशी ओढणीत गुंडाळली, आणि मांडीवर घेऊन मागे बसली. जळकी बॅग मी टाकीवर बांधली. पुढे चिपळूण, खेड, दापोली सगळं गेलं, पण ती एक शब्द बोलली नाही. ती रागावून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. खड्डा आला की माझ्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट व्हायचा, आणि खड्डा गेला की ती तो काढून परत साडीवर ठेवायची. तेवढ्या वाटेत मला पहिल्यांदा जाणवलं की हा नुसता कापडाचा प्रश्न नाही. मोठ्या बहिणीनं आणलेली साडी म्हणून उद्या चार बायका ती हातात घेऊन बघणार होत्या, आणि खाली मान घालायची पाळी तिच्यावर येणार होती. बॅगा माझ्या आणि मान तिची.

केळशीला अंगणात शिरलो तेव्हा सासूबाई दारात होत्या. पंजाबी ड्रेसमध्ये, दोन्हीकडे पाय टाकून आलेली लेक बघून त्यांचे डोळे मोठे झाले. त्या काही बोलणार तोच सुमननं साडी त्यांच्यापुढे उलगडली. ड्रेसचा विषय तिथेच संपला तो कायमचा.

"हे कुणी केलं?"

"सायलेन्सरनं," सुमन म्हणाली.

तिनं माझं नाव घेतलं नाही. मीच पुढे होऊन सगळं सांगून टाकलं, भिंत, आकृती, रेक्झीन, राब, सगळं. सासरे नाना झोपाळ्यावर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे एक बाजू मोजलीच नाहीत?"

"नाही."

"हं," नाना म्हणाले. माझ्या नोकरीबद्दल त्यांना पूर्वी जो आदर होता तो त्या 'हं'मध्ये मावळताना मला ऐकू आला.

सासूबाई मात्र साडीवर वाकल्या होत्या. त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, "आत खोचायचं टोक असतं ना, तिथले बुट्टे कापू. चार-चार जोडून मोठं फूल करायचं आणि प्रत्येक भोकावर एक बसवायचं."

"दिसेल गं, आई," सुमन म्हणाली.

"दिसू दे. लपवायला गेलं तर ठिगळ. उघड लावलं तर नक्षी." मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाल्या, "भोकं सारख्या अंतरावर पाडलीत तेवढं मात्र बरं केलंत, जावईबापू."

दुपारी जेवणं उरकून सगळे ओटीवर बसलो. नाना सुयांत दोरा ओवून देत होते. सासूबाई आणि सुमन शिवत होत्या. नवरा मुलगा मंगेश दिवा धरावा तसा सगळ्यांच्या मध्ये साडी ताणून धरून बसला होता आणि आपल्या भावी आयुष्यातली भोकं एकेक करून बुजताना बघत होता. फुलं कापायचं काम मला दिलं. पहिलं फूल वाकडं गेलं. दुसऱ्यापासून सुमननं माझा हात धरून कात्री कशी फिरवायची ते दाखवलं, आणि संगमेश्वरानंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"इकडची बाजूपण बघत जा."

दिवेलागणीला अकरावं फूल बसलं. साडी परसात दोरीवर टाकली, समुद्राचा वारा तिच्यातून जाऊ दिला, आणि आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं हुंगून वास गेल्याचं एकमतानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीकडे माणसांची दाटी झाली होती. साडी दिली, मुलगी, वैदेही, आत जाऊन नेसून आली. मी एका खांबाआडून बघत होतो. अकरा फुलं एका ओळीत निऱ्यांवरून वर चढत खांद्यापाशी गेली होती. मुलीच्या मावशींनी पदर हातात घेतला. सुमन शेजारीच उभी होती.

"हे बुट्टे वेगळेच आहेत हो," मावशी म्हणाल्या.

"वरून लावलेत," सुमन म्हणाली.

"हातानं?"

"हातानं."

"तरीच उठून दिसतायत. सुचलं कसं तुम्हाला?"

"रत्नागिरीहून येताना वाटेत," सुमन म्हणाली. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मावशींनी आणखी दोघींना बोलावून साडी दाखवली, आणि गर्दीतून सुमननं माझ्याकडे बघितलं. हसली नाही. पण ओठ दाबून धरले होते.

रत्नागिरीला परतल्यावर मी जळकी बॅग घेऊन यासीनभाईंकडे गेलो. या वेळी गाडीसकट. त्यांनी बॅगेकडे पाहिलंच नाही. सरळ उठून गाडीच्या उजव्या बाजूला गेले, सायलेन्सरपुढे उकिडवे बसले आणि गळ्यातली टेप काढली. त्यांनी कॅनव्हासची नवी बॅग शिवली आणि सायलेन्सरवर पत्र्याचा आडोसा बसवून दिला. बॅग नंतर बरीच वर्षं टिकली. सायलेन्सरवर चिकटलेलं काळं रेक्झीन मात्र निघालं नाही. गाडी तापली की त्याचा वास यायचा. आम्हाला त्याची सवय होऊन गेली.

मंगेशचं लग्न झालं. वर्षभरानं आम्ही केळशीला गेलो असताना चहा पिता पिता वैदेहीनं स्वतःहून विषय काढला.

"भाऊजी, साडीचं मला लग्नानंतर कितीतरी महिन्यांनी आईंनी सांगितलं. पण काहीतरी आहे हे मला साखरपुड्यालाच कळलं होतं. पाटावर बसले आणि जळक्या रबरासारखा वास यायला लागला. साडीचा असेल असं मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा आहे."

मंगेश चहा ओतायचा थांबला.

"सगळा कार्यक्रम होईपर्यंत मी एकच विचार करत होते," ती म्हणाली. "माणूस चांगला दिसतोय, घर चांगलं आहे, पण ह्या वासाबरोबर जन्म काढायचा का? लग्नाला होकार कायम ठेवला, पण मन मोठं करून. लग्नानंतर महिनाभर मी हे झोपले की ह्यांचं डोकं हुंगून बघायचे. वास येईना. मला वाटे, लपवतायत. मग एक दिवस तुम्ही आलात, अंगणात मोटारसायकल लावलीत, आणि दारातून तोच वास आत आला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. धावत बाहेर आले, आठवतंय?"

मला चांगलंच आठवत होतं. त्या दिवशी ती धावत बाहेर आली होती आणि मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जावयाचं इतकं प्रेमानं स्वागत कुठेच होत नसेल, असं मी गेलं वर्षभर शाळेत सगळ्यांना सांगत होतो.